आर्मेनियन नरसंहार वर्गात शिकवायचा तर सुरुवात अध्यादेशापासून करा

मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार टाकला आणि त्याच सुमारास आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना पहिल्या महायुद्धातल्या आर्मेनियन नरसंहाराचा अचानक कळवळा आला. धडाधड फॉरवर्ड सुरू झाले. क्रुसावर टांगलेल्या विवस्त्र बायकांच्या रांगेचा तो फोटो मला माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवला. तो फोटो १९१९ च्या एका अमेरिकन मूकपटातलं दृश्य आहे. नरसंहार खरा, फोटो सिनेमातला. असा फोटो वर्गात दाखवला की ‘हे सगळंच रचलेलं आहे’ म्हणणाऱ्याच्या हातात आपणच आयतं कोलीत देतो.

मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. हा विषय पोरांपर्यंत पोचलाच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पहिलं महायुद्ध म्हटलं की आपण सारायेव्हो, खंदक, व्हर्साय करतो. तुर्कस्तान येतो तो थेट खिलाफतीत. खलिफावर अन्याय झाला म्हणून इथे सभा झाल्या, हरताळ झाले, हे पोरांना तोंडपाठ असतं. त्याच ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात जेमतेम चार वर्षं आधी तिथल्याच दहा लाखांच्या आसपास आर्मेनियन प्रजेचा जीव गेला (अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत), हे मात्र कुणी सांगत नाही. सत्ता तेव्हा खलिफाच्या नव्हे, तलात, एन्व्हर आणि जेमाल या तीन मंत्री पाशांच्या हातात होती, हेही नाही.

पण शिकवायचं कसं, यावर माझं मत जरा हट्टी आहे. पहिल्या तासाला प्रेतांचे फोटो नाहीत. ‘आज आर्मेनियनांची आठवण कोण काढतं?’ हे हिटलरच्या नावावरचं वाक्यही नाही. १९३९ च्या त्या भाषणाच्या एकापेक्षा जास्त नोंदी आहेत आणि हे वाक्य सगळ्या नोंदींत सापडत नाही. मग त्याच्यावर अख्ख्या धड्याचा डोलारा कशाला उभारायचा?

मी सुरुवात करते २७ मे १९१५ च्या कायद्यापासून. कायदा म्हणजे खरं तर अध्यादेशच, कारण संसदेचं अधिवेशन चालू नव्हतं. त्याचा आशय फळ्यावर लिहिते: हेरगिरी किंवा फितुरीचा संशय आला तर लष्करी अधिकाऱ्यांना गावंच्या गावं हलवायचा अधिकार. मग म्हणते, यात आर्मेनियन शब्द शोधा. पोरं दोन-दोनदा वाचतात. ‘मॅडम, नाहीच आहे.’ नाहीच. पुढचा अर्धा तास मला फारसं बोलावं लागत नाही. संशय कुणाला आला पाहिजे? पुरावा कुणी द्यायचा? अपील कुठे? आणि घरदार? त्यासाठी सप्टेंबरमध्ये वेगळा कायदा आला. ‘सोडून गेलेल्यां’च्या मालमत्तेची यादी करून विल्हेवाट लावायला समित्या बसल्या. घर, दुकान, द्राक्षमळा, सगळ्याची नोंद. पहाटे ज्यांना दारातून बाहेर काढलं, ते कागदोपत्री ‘सोडून गेले’.

मग हाकलण्याच्या वाटेचा नकाशा आणि दोरा. पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरूमपासून सीरियातल्या देर एझ-झोरपर्यंत, सरळ रेषेतच पाचशेच्या आसपास किलोमीटर. आमच्या पोरांना पायी अंतर कळतं ते वारीमुळे. आळंदी ते पंढरपूर याच्या जेमतेम निम्मं भरतं. वारीत मुक्कामामुक्कामाला पाणी आणि पंगत असते. इथे पुरुषांना बहुतेकदा गावाबाहेर नेऊन आधीच मारलेलं, आणि बायका, पोरं, म्हाताऱ्यांचे तांडे वाटेत लुटले, पळवले, कापले जात होते. हल्ले करणाऱ्या टोळ्यांत तर मुद्दाम तुरुंगातून सोडलेले गुन्हेगारही होते.

एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, ‘पण त्यांनी बंड केलं होतं ना?’ या प्रश्नावर चिडायचं नाही, प्रश्न रास्त आहे. पूर्वेकडच्या वान शहरात एप्रिल १९१५ ला आर्मेनियनांनी हत्यारं उचलली होती, काही जण रशियाच्या बाजूने लढतही होते. रशियाच्या सीमेवरच्या सारिकामिशला एन्व्हर पाशाच्या फौजेची थंडीत धूळधाण झाली, तेव्हा खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं. पण मग सीमेपासून शेकडो मैल लांब असलेल्या अंकारा आणि बुर्साचे आर्मेनियन का हलवले? खुद्द ऑटोमन सैन्यातल्या आर्मेनियन शिपायांची हत्यारं काढून घेऊन त्यांना मजूर तुकड्यांत का टाकलं आणि नंतर त्यांतल्या बहुतेकांना का मारलं? २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) अडीचशेच्या आसपास कवी, संपादक, डॉक्टर, पुढारी उचलले, ते कुठल्या आघाडीवर होते?

दुसरा प्रश्न: हा ब्रिटिशांचा प्रचार असेल तर? ब्रिटिशांनी त्याचा प्रचार केलाच. म्हणून मी जर्मनांकडे नेते. जर्मनी तुर्कस्तानचा दोस्त, त्याला ही बदनामी नकोच होती. तरीही सीरियातल्या हलबमधला (अलेप्पो) त्यांचा वाणिज्यदूत रोसलर बर्लिनला अहवालावर अहवाल पाठवत होता. डिसेंबर १९१५ मध्ये राजदूताने जाहीर निषेध करूया म्हटलं, तर चॅन्सेलर बेथमान-होलवेगने साफ झटकून टाकलं: युद्ध संपेपर्यंत तुर्कस्तान आपल्याकडे राहायला हवा, मग त्यात आर्मेनियन मेले तरी हरकत नाही. मित्राच्या कपाटातून निघालेल्या या कागदापुढे वर्ग गप्प होतो.

आणि ज्यांना हा धडा आपल्या गल्लीतल्या भांडणासाठी दारूगोळा म्हणून हवा आहे, त्यांच्यासाठी दोन नावं. जेलाल बे, हलबचा गव्हर्नर. आर्मेनियनांना हलवायचा हुकूम मानेना म्हणून त्याची कोन्याला बदली केली. तिथेही हजारोंना थोपवून धरलं, शेवटी पद गेलं. हुसेन नेसिमी, दियारबकिरजवळच्या लिजेचा अधिकारी. त्याने नकार दिला आणि त्याचाच खून झाला. दोघेही मुसलमान, दोघेही ऑटोमन नोकरशाहीतले. १९१९ मध्ये तलातला त्याच्या गैरहजेरीत फाशी सुनावली, तीसुद्धा इस्तंबूलच्याच लष्करी कोर्टाने. हे गाळून जो शिकवतो तो इतिहास शिकवत नाही, फॉरवर्डच पुढे ढकलतो. (आपल्या सरकारनेही या घटनेला अधिकृतपणे नरसंहार म्हटलेलं नाही, हे सफरचंदवाल्या देशभक्तांना सहसा माहीत नसतं.)

यंदा मला यात एक धागा जोडायचा आहे. एप्रिल १९१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुत अल-अमाराला ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना सीरियातल्या रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्याच रास अल-ऐनच्या छावणीत काही महिने आधी हजारो आर्मेनियनांची कत्तल झाली होती. त्या कैद्यांतल्या एका बंगाली रुग्णसेवकाने आर्मेनियनांचे हाल लिहून ठेवले आहेत. मराठीत असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कुणाच्या घरी ‘बसऱ्याच्या लढाई’त कैद झालेल्या पणजोबांची पत्रं, पेन्शनची कागदं, पदकं असतील, किंवा आजीकडून ऐकलेलं काही आठवत असेल, तर इनबॉक्सात फोटो पाठवा. मोडीत असेल तरी चालेल, वाचून घेईन.