एकाच ड्रायव्हरचे स्पीकर ‘सगळ्यात शुद्ध’? एक खुलासा

‘क्रॉसओव्हर नाही म्हणजे आवाज शंभर टक्के शुद्ध, एकाच ड्रायव्हरचे स्पीकर सगळ्या संगीताला सर्वोत्तम’ असा मेसेज सध्या फिरतोय. (ड्रायव्हर म्हणजे स्पीकरच्या पेटीतला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग; क्रॉसओव्हर म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारं सर्किट.) हा मेसेज वाचून कुणी घरातली चांगली जोडी विकायला काढू नये, म्हणून हे लिहितोय.

त्यातलं खरं एवढंच: सगळा आवाज एकाच ठिकाणाहून येतो, त्यामुळे तानपुऱ्यावरचा एकटा गळा किंवा सारंगी फार जिवंत वाटते.

पण १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर. ६ किंवा ८ इंची कोन, म्हणजे ड्रायव्हरचा हलणारा शंकूसारखा पडदा, त्याहून बराच मोठा; म्हणून तो असा सूर झोतासारखा समोरच फेकतो. ऐकता ऐकता बाजूच्या खुर्चीवर सरकून बघा, झांजेची चमक लगेच उतरते. खालच्या सुरांसाठी त्याच कोनाला जास्त हलावं लागतं. आवाज वाढवला की डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर गाणंही गढूळ होतं. शिवाय अनेक जोड्यांत वरचे चढे सूर आवरायला कॉइल आणि रेझिस्टर असे सर्किटचे भाग घालावेच लागतात, म्हणजे ‘ॲम्प्लिफायर आणि ड्रायव्हरच्या मध्ये काहीच नाही’ हेही सरसकट खरं नाही.

लहान खोली, मध्यम आवाज, ऐकणारं एकटं माणूस आणि आवड गायनाची असेल तर जरूर घ्या. ढोल-ताशा, सिम्फनी किंवा घरभर बसून ऐकणं असेल तर माझ्या मते टू-वे, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे ड्रायव्हर असलेले स्पीकरच बरे. घेण्याआधी आपल्या ओळखीचं रेकॉर्डिंग नेऊन, आपण घरी ठेवतो तेवढ्याच आवाजात ऐका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.