टर्बाइन ‘सगळ्याच बाबतीत स्वस्त’? आधी हिशेब मांडा

लहान विमानांबद्दलचा एक दावा सध्या बराच फिरतोय. टर्बाइनला, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने पाती फिरवणाऱ्या इंजिनाला, स्वस्त जेट इंधन चालतं, त्याचं ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून करायची दुरुस्ती) जवळपास दुप्पट तासांनी येतं, ते बंद पडत नाही आणि वेगही जास्त. म्हणजे खर्च शेवटी टर्बाइनचाच कमी, पिस्टन (मोटारीसारखं दट्ट्यांवर चालणारं इंजिन) आता मोडीत काढा. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटकन पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कुणी आयुष्यभराची पुंजी विमानात घातली तर फटका मोठा बसेल.

आधी इंधन. जेट इंधन पुष्कळ ठिकाणी पिस्टनला लागणाऱ्या विमानाच्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे स्वस्त मिळतं, हे मान्य. पण लिटर किती लागतात? पिस्टन इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण १९० ग्रॅम इंधन जाळतं, लहान टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं टर्बाइन) २७० ग्रॅमच्या आसपास. टर्बाइन जितकं लहान, तितकी पात्यांची टोकं आणि आवरण यांमधली फट पात्यांच्या मानाने मोठी पडते आणि तिथून दाब निसटतो. शिवाय विमान धावपट्टीकडे रांगत असतानाही कॉम्प्रेसर (हवा दाबून आत ढकलणारा भाग) फिरवावाच लागतो, त्यामुळे नुसतं उभं राहण्यातही इंधन जातं.

एकाच घराण्यातली दोन विमानं घेऊ. पायपर एम३५० मध्ये ३५० अश्वशक्तीचं टर्बोचार्ज्ड पिस्टन इंजिन आहे, सरळ उड्डाणातला कमाल वेग २१३ नॉट (तासाला तितके सागरी मैल). एम५०० मध्ये ५०० अश्वशक्तीचं पीटी६ टर्बाइन, वेग २६० नॉट. त्या वेगाला पहिलं ताशी ढोबळमानाने ८० लिटर पितं, दुसरं १४० च्या घरात. वेग वाढला २२ टक्के, इंधन ७५ टक्के. सागरी मैलामागे टर्बाइनला सुमारे ४० टक्के जास्त लिटर लागतात. म्हणजे जेट इंधन लिटरमागे सुमारे ३० टक्के स्वस्त असेल तेव्हा कुठे नुसती बरोबरी होते. आणि हे इंधन ही काही टर्बाइनची मक्तेदारी नाही: डायमंड डीए४२ मधली ऑस्ट्रो एई३०० ही डिझेल पिस्टन इंजिनं तेच पितात.

ओव्हरहॉलचा मुद्दा सर्वात फसवा. २००० तास विरुद्ध ३६०० तास, हे आकडे याच दोन इंजिनांचे आणि खरे आहेत. पण टर्बाइनच्या त्या काळात मधेच हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या सर्वात तापणाऱ्या भागाची, तपासणी येते, आणि त्याच्या ओव्हरहॉलचं बिल पिस्टनच्या कित्येक पट असतं. वर्षाला १०० तास उडणाऱ्या मालकाला ३६०० तास गाठायला ३६ वर्षं लागतील. गंज इतकी वर्षं थांबत नाही. त्यात टर्बाइनची पाती ज्यांवर बसवतात त्या चकत्यांचं आयुष्य नुसत्या तासांवर नाही, किती वेळा इंजिन चालू-बंद झालं त्यावरही मोजतात; छोट्या फेऱ्या मारणाऱ्याचं ते भराभर संपतं.

आणि टर्बाइन चालू करण्याचा तो क्षण जवळून पाहा. बॅटरी थोडी उतरलेली, कॉम्प्रेसर पुरेशा फेऱ्यांवर आलेला नाही, तरी वैमानिकाने इंधन सोडलं. तापमानाचा काटा झपकन वर जातो. हात लगेच इंधन तोडायला गेला नाही, तर काही सेकंदांत पाती भाजून निघतात आणि ओव्हरहॉलचा सगळा हिशेब कोसळतो.

विश्वासार्हतेत मात्र टर्बाइन खरोखरच सरस आहे. वर-खाली आदळणारे दट्टे नाहीत, वजनाच्या मानाने ताकद भरपूर. प्रवासी विमानांनी पिस्टन सोडला तो यासाठी आणि वेगासाठी. राइट कंपनीचं जुन्या प्रवासी विमानांतलं आर-३३५० टर्बो-कंपाउंड पिस्टन इंजिन अश्वशक्तीमागे आजच्या अनेक लहान टर्बोप्रॉपपेक्षा कमी इंधन जाळायचं. पण सिलिंडर आणि व्हॉल्व्हच्या दुरुस्त्यांनी कंपन्या हैराण झाल्या होत्या. रात्री डोंगराळ मुलखावरून एकाच इंजिनावर जायचं असेल तर मीही टर्बाइनच मागेन. पण ती सुरक्षिततेची किंमत आहे, तिला बचत म्हणू नका.

वेगाचं थोडक्यात: १५० सागरी मैलांच्या फेरीत २१३ आणि २६० नॉटमधला फरक जेमतेम सात-आठ मिनिटांचा. टर्बाइनची खरी मजा उंचावर, लांब पल्ल्यावर. ज्याचं विमान रोज उडतं, जड माल वाहतं किंवा जिथे विमानाचं पेट्रोलच मिळत नाही अशा ठिकाणी उतरतं, त्याच्या वहीत टर्बाइन फायद्याचं निघू शकतं. शनिवार-रविवारी दोघा-तिघांना घेऊन उडणाऱ्याच्या वहीत नाही.