उपाशीपोटी साखर नॉर्मल म्हणून निर्धास्त राहू नका

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीवरच्या लेखात तिचे उपयोग छान सांगितलेत, दमा, अंगावर उठणारं पित्त, संधिवात वगैरे. पण मधुमेहींसाठी 'साखर वाढू शकते' एवढं एकच वाक्य? ही गोळी बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घेतात. तिच्यामुळे साखर चढते ती दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत. त्यामुळे सकाळी उपाशीपोटीचा आकडा बरेचदा अगदी शहाण्यासारखा असतो आणि घरचे निर्धास्त! माझ्या आईच्या बाबतीत हेच चाललं होतं. डॉक्टरांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासायला लावलं तेव्हा कळलं.

दुसरं, मिलिग्रॅमवरून गोळी 'हलकी' की 'भारी' ठरवणाऱ्यांसाठी. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडची ०.७५ मिग्रॅ मात्रा साधारण ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनइतकं काम करते, शिवाय तिचा असर जास्त काळ टिकतो. दुकानदाराने सर्दी-अंगदुखीच्या पुडीत टाकलेली ती इवलीशी गोळी म्हणूनच किरकोळ नसते. (अशा पुड्या अजूनही मिळतात, हे वेगळं सांगायला नको.)

वर प्रतिक्रियांत एकांनी विचारलंय की बरं वाटल्यावर ही स्टेरॉइडची गोळी लगेच बंद करावी का. चार-पाच दिवसांचा कोर्स असेल तर तो संपला की बहुतेकदा थेट थांबवतात. तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर मात्र मनाने बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करतात, त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ लागतो. अचानक तोडलं तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टरांनाच विचारा.