जॅझ मेलं म्हणे कराओकेमुळे!

परवा एका मित्राने लिहिलं की मुंबईतल्या जॅझची वाट पबवाल्यांनीच लावली, कराओके (तयार संगीतावर गिऱ्हाइकांनीच माइक धरून गायचं) आणि रॉकची भेसळ करून. मला हे अजिबात पटत नाही.

मी गिरगावातला. चर्चगेटला सूना महाल इमारतीत 'जॅझ बाय द बे' नावाचा पब होता तो आमच्या चालत जायच्या अंतरावर. आम्ही जायला लागलो तेव्हा पाटीवर नावाआधी 'नॉट जस्ट', म्हणजे 'नुसतं जॅझच नाही', लागलेलंच होतं आणि ते खरंच होतं, काही रात्री कराओके, काही रात्री बँड, त्यात कधी ब्लूज कधी रॉक आणि मधूनच अस्सल जॅझ. कव्हर चार्ज भरला की खिसा रिकामा, मग तिघांत एक पिचर पुरवून पुरवून प्यायचा आणि वेटरची नजर चुकवायची. पण बँड इतका जवळ की सॅक्सोफोनवाला श्वास कुठे घेतो तेही कळायचं. पलीकडच्या टेबलावर ऑफिसची पार्टी जोरजोरात हसत असायची, आणि एखादा सोलो असा लागायचा की तीही गप्प. फुकटात नाही मिळत हो असली शांतता, वाजवून कमवावी लागते!

आणि शुद्ध जॅझ या शहरात होतं कधी? १९३०च्या दशकात ताजमध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन जॅझवादक वाजवायचे ते लोकांनी नाचावं म्हणूनच. मग गोव्याचे वादक. आल्डोनाचे चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट असं वाजवायचे की लोक त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हेच चिक आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांचे असिस्टंट. १९५१च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात तिथे चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे जॅझ हे साऊथ बॉम्बेच्या इंग्रजाळलेल्या लोकांचं खूळ असं जे आपल्याकडे म्हणतात ना, त्यांच्या आज्या तेच संगीत रेडिओवर ऐकत भाकऱ्या थापत होत्या. दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेल, असंच त्या वादकांचं घर चालायचं. त्यात मोरारजींच्या काळात दारूबंदी आली, म्हणजे हॉटेलांचा धंदा बसला, तेव्हा कुठला आलाय शुद्धपणा.

तर कराओकेवाल्या रात्रींनी गल्ला भरला म्हणून बँडच्या रात्री परवडल्या असतील, असं माझं मत. बेसुरे लोक किंचाळायचे, मान्य, आमच्यातलाही एक होता. पण लोअर परळचं ब्लू फ्रॉग हे क्लब बघा. तिथे संगीत हाच मुख्य माल, साउंड झकास, तरी २००७ ते २०१६, संपलं. या शहरात रोज लाइव्ह म्युझिक ठेवायचं तर भाडं, लायसन्स, वादकांचे पैसे, आणि ऐन रंगात आल्यावर बंद करायची वेळ. याचा हिशोब कोणी मांडत नाही, सगळे रसिकतेवरच घसरतात.

आता नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझ होतं, चांगलंच होतं, मी जातो. पण तिथे खोकला आला तरी अपराधी वाटतं.

२०१८ साली मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात सूना महालही आलं. इमारत जपली गेली याचा आनंदच आहे. आत आता 'पिझ्झा बाय द बे' आहे. पिझ्झा चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही.