रेसिडेन्सीत किती चित्रं केली, हा प्रश्नच चुकीचा

परदेशातल्या रेसिडेन्सीचं, म्हणजे काही आठवडे तिथे राहून काम करायच्या निमंत्रणाचं, पत्र हातात पडलं की बहुतेक चित्रकार पहिला हिशेब मांडतात तो कॅनव्हासचा. आठ आठवडे आहेत, म्हणजे दहा चित्रं तरी व्हायलाच हवीत. मला हा हिशेब पटत नाही. चित्र रंगवायला चार भिंती आणि बरा उजेड कुठेही मिळतो. मूळ चित्रं मात्र जिथे टांगलेली आहेत तिथेच जाऊन बघावी लागतात. म्हणून बघणं हे रविवारच्या फेरफटक्याचं काम नाही. त्याचा वेळ स्टुडिओच्या तासांतूनच काढायचा, आणि पहिले दोन आठवडे तर मोठ्या कॅनव्हासला हातच लावायचा नाही.

छापील पुस्तकात किंवा पडद्यावर चित्राचं माप, पृष्ठभाग आणि त्यावर पडणारा उजेड, तिन्ही हरवतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र घ्या. पुस्तकात ते भव्य वाटतं. प्रत्यक्षात ते ४५.५ × ४१ सेंटिमीटर आहे, दोन हातांत सहज धरता येईल एवढं. टेबलावरच्या पावाजवळ नजर नेली की फिक्या, दाट रंगाचे बारीक ठिपके दिसतात. पावाच्या पोताशी त्यांचं काटेकोर नातं नाही, काही तर नुसते ठेवून दिल्यासारखे आहेत. दोन पावलं मागे सरका, पावाची साल लखलखते. मागच्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आहे, त्याची इवलीशी सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. २०२२ मध्ये संग्रहालयाने जाहीर केलेल्या तपासणीत दिसलं की या भिंतीवर आधी भांडी अडकवायची फळी रेखाटलेली होती आणि चित्रकाराने ती रंगाखाली बुजवली. म्हणजे जी भिंत आपण सहज रिकामी समजतो, ती त्याने विचार करून रिकामी केली आहे. हे एकदा कळलं की स्वतःच्या कॅनव्हासवरची गर्दी वेगळ्या नजरेने दिसायला लागते.

उजेडासाठी पॅरिसचं ओरांजरी संग्रहालय बघावं. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या दोन लंबगोल दालनांत चित्रकार मोनेची जलकमळं आहेत, जवळपास दोन मीटर उंचीची, भिंतीच्या गोलाईबरोबर वळत गेलेली. वरून नैसर्गिक उजेड यावा हा मूळ बेतच होता. १९६० च्या दशकात वर मजला चढवला आणि तो उजेड बंद झाला. नूतनीकरणानंतर २००६ मध्ये तो परत मिळाला. ढग आले की तिथले जांभळे मागे जातात आणि हिरवे पुढे येतात. त्यामुळे एकदाच जाऊन भागत नाही. एकदा सकाळी जा, एकदा दुपार कलल्यावर.

बघायलाही पद्धत लागते. एका फेरीत तीनच चित्रं, प्रत्येकी निदान वीस मिनिटं. शेजारची पाटी शेवटी वाचायची. आधी लांबून, मग जवळून, मग बाजूला उभं राहून, उजेड पृष्ठभागावर तिरका येईल असं. रंगाची जाडी आणि खरवडलेल्या जागा तेव्हाच दिसतात. वहीत थरांचा क्रम लिहा: आधी काय पडलं, नंतर काय, अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, कुठे उघडं राहिलंय. बहुतेक संग्रहालयांत फक्त पेन्सिल चालते, शाई आणि कोळसा नाही. वहीच्या मापाचा नियमही आधी विचारून घ्या. फोटो सगळ्यात शेवटी, कारण फोटो काढला की डोळे काम थांबवतात. दीड तासाने बाहेर पडा. त्याच संध्याकाळी स्टुडिओत बसून पाहिलेल्या चित्रातले तीनच रंग आठवून मिसळा आणि कागदावर लावून ठेवा. दुसऱ्या फेरीला तो कागद सोबत न्या. आठवण कुठे आणि किती घसरली ते समोरच कळतं. माझ्या मते वर्षभराच्या वर्गापेक्षा ही सवय जास्त शिकवते.

आता प्रत्यक्ष करण्याबद्दल. इथे घात होतो तो वाळण्यात. तैलरंगातून काही उडून जाऊन तो वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थंड, अंधाऱ्या खोलीत हे आणखी रेंगाळतं. अंबरसारखे मातकट रंग लवकर धरतात. टायटॅनियम पांढरा, कॅडमियमचे रंग आणि आयव्हरी काळा ओलेच राहतात. घाईत आयव्हरी काळ्याच्या जाड थरावर पटकन वाळणारा रंग चढवला की वरचा थर आधी आवळतो, खालचा हलत राहतो, आणि तडे जातात. म्हणून परतीच्या तारखेपासून उलटं मोजा. शेवटचे तीन आठवडे तैलरंग बंद. तेव्हाही थांबायचं नसेल तर रंग लवकर वाळवणारं अल्किड माध्यम वापरा. पातळ थर साधारण दिवसभरात हाताला लागत नाही.

ॲक्रिलिकची अडचण उलटी. हिवाळ्यात हीटरने खोलीतली हवा इतकी कोरडी होते की पॅलेटवरचा रंग काही मिनिटांत सालपट होतो. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर आणि त्यावर रंग, एवढ्याने दिवस निभावतो. रात्री पिवळ्या बल्बखाली रंग ठरवू नका; पांढऱ्यावरचा फिका पिवळा तिथे दिसतच नाही. ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा, आणि ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला दिवा पहिल्याच आठवड्यात मिळवा.

शेवटच्या ओपन स्टुडिओबद्दल, म्हणजे लोकांना स्टुडिओ बघायला खुला करतात त्या दिवसाबद्दल, माझं मत ठाम आहे: भिंत भरायला म्हणून चित्रं पुरी करू नयेत. रंगांच्या पट्ट्या, वह्या, अर्धे कॅनव्हास खुशाल लावा. बघायला येणाऱ्यांना तेच हवं असतं.

सामान बांधताना टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्हचा (रेखाटन पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे विमानात नेता येत नाही, ते मागेच ठेवा. तैलरंगाच्या ट्यूबांसोबत कंपनीचं सुरक्षा-माहितीपत्रक छापून ठेवा आणि विमान कंपनीला आधी विचारा. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर. आत घेतली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. नळी निदान १५ सेंटिमीटर व्यासाची हवी. ॲक्रिलिकवर सिलिकॉनचा कागद घाला. बबल रॅप थेट टेकला तर बुडबुड्यांचे गोल कायमचे उमटतात. लाकडी पेटी करणार असाल तर साध्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवल्याची किंवा तशी दुसरी मान्य प्रक्रिया झाल्याची ती खूण. प्लायवूडला ही अट नाही.

आणि घरी पोचल्यावर नळी लगेच उघडू नका. गारठलेलं ॲक्रिलिक ठिसूळ असतं, उलगडताना तडकतं. एक अख्खा दिवस ती खोलीत तशीच पडू द्या, मग सपाट जमिनीवर हळूहळू सोडा.