मुंबईत मुलांना फिरवायचंय? त्या याद्या आधी फेकून द्या

'मुंबईत मुलांसोबत पाहण्यासारखी 15 ठिकाणं' असलं काहीतरी लिहिणाऱ्या माणसाला एकदा माझ्या ताब्यात द्या. मारणार नाही. सोमवारी सकाळी दोन पोरं, एक आजी आणि पाण्याच्या चार बाटल्या त्याच्या गळ्यात मारीन, त्याचीच यादी हातात देईन आणि म्हणेन, चल, दाखव आता.

सोमवारी काय असतं? बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, म्हणजे आतली कान्हेरी लेणीही गेली. घारापुरी बंद. वरळीचं नेहरू तारांगण बंद. बरं, सोमवार टाळून बुधवार धरावा तर भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे पेंग्विनवालं प्राणिसंग्रहालय, बंद, आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. त्यातून बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावतात. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे पाठ असतं. पण सोलापूरहून येणाऱ्याला कोण सांगणार? यादीत या वारांबद्दल अवाक्षर नाही. तिथे काय, तर 'भेट देण्याची उत्तम वेळ : ऑक्टोबर ते मार्च'. अरे शहाण्या, पोरांच्या शाळांना मोठी सुट्टी मे महिन्यात असते! ऑक्टोबर ते मार्चमध्ये त्यांच्या परीक्षा तू देणार आहेस का?

आमच्याकडे दादा-वहिनी दर उन्हाळ्यात येतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी उतरायचं, आंघोळी उरकायच्या की लगेच भाच्यांचं सुरू, "आत्या, पेंग्विन!" आणि वहिनीच्या मोबाइलवर तीच ती यादी. आता त्या दिवशी नेमका रविवार असला तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकलचा खोळंबा. फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर, स्लो गाड्या रामभरोसे, आणि भायखळ्याला उतरेपर्यंत आईच्या गुडघ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुसऱ्या गावाहून येणाऱ्याला मुंबईबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन, रविवारी लोकलच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढू नका. पण यादी म्हणते, 'स्टेशनपासून जवळ, सहज पोहोचण्याजोगं.' सहज!

पेंग्विनची रांग हा तर स्वतंत्र विषय. 2017 साली ते लोकांना बघायला खुले झाले तेव्हापासून सुट्टीतली ती रांग काही हललेली नाही. आत पेंग्विन सोळा-अठरा अंश सेल्सिअसमध्ये ऐटीत उभे, बाहेर आपली पोरं उन्हात शिजताहेत. दोन-चार मिनिटं काचेला नाक लावायचं की मागून "चला, पुढे चला". मला त्या पक्ष्यांबद्दल काही म्हणायचं नाही. पण दहा लोकांनी दहा ठिकाणी लिहिलंय ना, मग सकाळी बाग उघडतानाच तिथे जा, आधी पेंग्विन उरका आणि वाघ-बिबळे नंतर बघा, एवढं एकालाही लिहावंसं वाटू नये? वाटणार कसं? गेलंय कोण!

हाच माझा खरा संताप आहे. हे लोक गेलेलेच नसतात. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी उचलायचं, वरचं वर्ष तेवढं बदलायचं. म्हणून अजून तारापोरवाला मत्स्यालय सापडतं या याद्यांत, 'रंगीबेरंगी माशांच्या दुनियेत हरवून जा' वगैरे. 2020मध्ये कोरोनात ते बंद झालं ते बंदच राहिलं, इमारत धोकादायक ठरली. एस्सेलवर्ल्ड 2022मध्ये बंद झालं, यादीत मात्र त्याचे पाळणे फिरतायत. राष्ट्रीय उद्यानातली छोटी गाडी वनराणी 2021च्या तौक्ते वादळानंतर कित्येक वर्षं बंद होती, पण यादीत झुकझुक चालूच. बेस्टची जुनी उघड्या टपाची बस नीलांबरी निवृत्त झाली, तरी 'रात्रीच्या मुंबईची सैर' करायला माणसं पाठवताहेत. लहान पोराला दोन दिवस 'मासे बघायला जायचं' सांगून ठेवल्यावर चर्नी रोडला बंद फाटक दाखवणं काय असतं, ते या लिहिणाऱ्याला कळायला हवं.

आणि जे नवं, खरंच चांगलं झालंय ते नाही त्यात. मलबार हिलवर मार्च 2025मध्ये झाडीतून जाणारा उंच लाकडी मार्ग खुला झाला. भारतीयांना 25 रुपये तिकीट, आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. पोरांना आवडतो, आजीला चालायला जमतो, वर सावली. कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटापासून हाकेच्या अंतरावर आहे. यादीत? फक्त म्हातारीचा बूट. आमच्या लहानपणापासून तोच बूट.

ऋतूंचं तर विचारूच नका. 'पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या लाटा अनुभवा.' साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी पालिका लोकांना किनाऱ्यापासून लांब राहायला सांगत असते, आणि हे पोरांना कठड्यावर बसवायला निघालेत! 'हिवाळ्यात शिवडीला फ्लेमिंगो पाहा.' कधी पाहा? भरती-ओहोटीचं गणित न बघता गेलात तर एक तर नुसतं पाणी, नाहीतर लांबवर चिखलात गुलाबी ठिपके. दुर्बीण न्या म्हणून तरी सांगा. जून-जुलैत घारापुरीची लाँच हवामान बिघडलं की सुटत नाही, हेही गेटवेला पोहोचल्यावरच कळायचं.

आणि या सगळ्या पंधरा ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी स्वच्छतागृह कुठे आहे हे लिहिलेलं मी आजवर वाचलेलं नाही. पाच वर्षांच्या पोराबरोबर आणि सत्तरीच्या बाईबरोबर फिरणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो. सूर्यास्ताचा फोटो मात्र प्रत्येक यादीत आहे.