बाबांना परवानगी नाही

"खिडकी अशी कर, की नवखा घाबरला नाही पाहिजे आणि जाणत्याचं अडलं नाही पाहिजे," एवढं सांगून साहेब जेवायला गेले. माझं जेवण त्या दिवसापासून कमी झालं.

काम किरकोळ वाटलं होतं. ऑफिसच्या फायली ज्या लिनक्सच्या मशीनवर राहतात, तिथे कोणती फाईल कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे ठरवायची स्क्रीनवरची एक खिडकी. माणसं तीन प्रकारची: मालक, त्याचा गट आणि उरलेलं गाव. हक्कही तीनच, प्रत्येकाला एक आकडा: वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १; ज्याला जे हक्क दिले त्यांची बेरीज करायची. म्हणजे नऊ चौकोन. मी ते नीट ओळीत मांडले आणि हिशेब खात्यातल्या काकूंना दाखवले.

"हे फोल्डर 'चालवणं' म्हणजे काय रे? फोल्डर काय सायकल आहे?"

चूक त्यांची नव्हती. फोल्डरच्या बाबतीत चालवणं म्हणजे आत शिरणं, हे लिनक्सच्या पूर्वजाने, म्हणजे युनिक्सवाल्यांनी ठरवलं तेव्हा काकूंना विचारलं नव्हतं.

मग चौकोन पुसले. 'काही नाही', 'फक्त वाचा', 'वाचा आणि बदला' अशी तीन पर्यायांची यादी ठेवली आणि नऊ चौकोन 'प्रगत' नावाच्या बटणामागे दडवले. काकूंनी पहिलं तेच दाबलं. म्हणाल्या, "मग मी काय मागास आहे?" बटणाचं नाव 'तपशील' केलं. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही.

जाणत्यांच्या बाजूने आमच्याकडे एकच प्रतिनिधी. त्याने खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आज्ञा टाइप करायची काळी टर्मिनल उघडली, परवानगी बदलायची आज्ञा 'चमॉड ७७७' टाइप केली आणि म्हणाला, "झालं." झालं खरंच! सगळ्यांना सगळं खुलं. कुलूप अडकतं म्हणून दारच उचकटून अंगणात ठेवायचं, याला आमच्याकडे अनुभव म्हणतात.

रविवारी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसलो. आईने विचारलं, "काय अडलंय?" मी वैतागून सर्वांत अवघड तेच सांगितलं. फोल्डरवर चालवण्याचा हक्क आहे, पण वाचण्याचा नाही. आत जाता येतं, नाव ठाऊक असलेली फाईल उचलता येते, पण आत काय काय आहे ते बघता येत नाही.

"म्हणजे सासूबाईंची कोठी," आई पोळी लाटतच म्हणाली. "डावीकडच्या फळीवरची गुळाची ढेप आण, आणि इकडेतिकडे बघत बसू नकोस. पंधरा वर्षं त्या कोठीत जात होते. काय काय होतं ते त्या गेल्यावर कळलं."

मी लॅपटॉप जरा जवळ ओढला. दुसरा पेच टाकला: फाईल गावाला वाचता येते, पण खुद्द मालकाला नाही. सिस्टीम आधी एवढंच बघते, की हा मालक आहे का. असेल तर मालकाचे हक्क लागू. तिथे शून्य असेल तर बाकीच्यांना काय मिळालंय याची चौकशीच होत नाही. असलं कोण मुद्दाम करेल?

"बेसनाचे लाडू," आई म्हणाली. "आणतात हे, पैसे ह्यांचे. तू खा, मी खाते, शेजारची पोरं खातात. ह्यांची साखर २३०."

०४४! मालकाला शून्य, गटाला ४, गावाला ४. माझ्या घरात, स्टीलच्या डब्यात, इतकी वर्षं.

"पण त्यात एक मेख आहे," मी उत्साहाने बोलून गेलो. "फाईल वाचता आली नाही, तरी परवानगी बदलायचा हक्क मालकाकडेच राहतो. कधीही स्वतःची स्वतः देऊन टाकतो."

लाटणं थांबलं. आईने डबा उचलून हातात तोलला. "तरीच म्हटलं, काल रात्री भरलेला असून एवढा हलका कसा."

बाहेरच्या खोलीत पेपर बाबांच्या चेहऱ्यापर्यंत वर गेला. मागून आवाज आला, "का रे, मालकाच्याही वर कोणी असतं का त्यात?"

"असतं ना, रूट. त्याला वाचाय-लिहायला कोणीच अडवू शकत नाही."

पेपर जरासा खाली आला. बाबांनी आईकडे पाहिलं. पेपर परत वर गेला.